सुरीला पाणी कोणी द्यायचे?

मे महिन्याच्या सुट्टीत माझा भाचा गावी आला तो डोक्यात एक नवेच खूळ घेऊन. "मामा, मला सुरी करायची आहे." मी म्हटले, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हवी तशी मिळते, घेऊन ये. तर म्हणतो, "विकत नको. घडवायची आहे. लोखंड तापवून, ठोकून!"

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेला मुलगा. त्याने मोबाईलवर परदेशी हौशी लोहारांच्या शेकडो चित्रफिती पाहिल्या होत्या. कोणी ट्रकच्या पाट्याचा खंजीर करतो, कोणी सायकलच्या साखळीतून नक्षीदार पाते काढतो. अमेरिकेत २०१५ साली 'फोर्ज्ड इन फायर' नावाचा एक कार्यक्रम सुरू झाला. त्यात चार जण भट्टीपुढे घाम गाळत पाती घडवतात आणि शेवटी एकाला बक्षीस मिळते. त्या कार्यक्रमाने जगभरच्या पोरांना या कामाचा नाद लावला, तो आमच्या डिचोली तालुक्यातल्या एका परसातही येऊन पोहोचला. मला राग आला नाही, उलट बरेच वाटले. दिवसभर बोटाने पडदा सरकवणाऱ्या पोराला हातोडा उचलावासा वाटतो ही काही वाईट गोष्ट नव्हे. पण त्यानंतरच्या पंधरा दिवसांत जे घडले त्यातून माझे एक मत तयार झाले, आणि ते आज मांडायचे आहे.

पहिल्या आठवड्यात त्याने परसात विटांची चूल मांडली. नारळाच्या करवंट्यांचा कोळसा केला. केस वाळवण्याच्या यंत्राला लोखंडी नळी जोडून भाता केला. बार्ज बांधणीच्या कामातून उरलेला जाड पत्र्याचा एक तुकडा भंगारवाल्याकडून आणला, तीच ऐरण. आईने मागच्या दारातून हे सगळे पाहिले आणि "घर जाळू नकोस म्हणजे झाले," एवढेच म्हणाली.

त्याची पहिली सुरी बांधकामाच्या सळीची होती. दिसायला फारच सुरेख! कानशीने घासून, पॉलिश करून आरशासारखी चकचकीत केलेली. आईने तिने कच्ची पपई कापायला घेतली आणि तिसऱ्या फोडीला धार बोथटली. दगडावर लावली, पुन्हा बोथटली. कारण साधे होते. पोलाद कडक होते ते त्यातल्या कार्बनमुळे. सळीत तो पाव टक्क्याच्या आसपास असतो. तेवढ्या कार्बनवर पात्याला पुरेल असा कडकपणा चढत नाही. सुरीला निदान अर्ध्या टक्क्याहून जास्त कार्बन लागतो. ट्रकच्या कमानीच्या पाट्यात तो तेवढा असतो. जुन्या कानशीत एक टक्का किंवा त्याहूनही जास्त असतो. म्हणजे ज्याला सुरी घडवायची आहे त्याने हातोडा उचलण्याआधी लोखंड ओळखायला शिकले पाहिजे.

दुसरी सुरी मग त्याने कमानीच्या पाट्याची केली. दोन दिवस ठोकून हाताला फोड आणले. शेवटी पाते लालबुंद तापवले आणि चित्रफितीतल्यासारखे ऐटीत पाण्याच्या बादलीत बुडवले. आतून 'टिण्ण' असा बारीक आवाज आला. बाहेर काढून पाहतो तो धारेपासून पाठीपर्यंत केसासारखी एक रेघ! दोन दिवसांची मेहनत त्या आवाजासरशी संपली. पोराचे तोंड पाहवेना.

तेव्हा मी त्याला म्हटले, "चल, मेस्ताकडे जाऊया."

आता इथे मला एक कबुली दिली पाहिजे. आमच्या घरापासून लोहाराची भट्टी चालत दहा मिनिटांवर आहे. पोराला ती माहीत नव्हती, कारण तो शहरात वाढला. पण मला तर माहीत होती ना? तरीही पंधरा दिवस मी त्याला तिथे नेले नाही. मला सुचलेच नाही! परदेशातल्या अनोळखी माणसाकडून शिकणे आम्हा दोघांनाही स्वाभाविक वाटले. आणि जो माणूस पन्नास वर्षे आमच्या घरचे कोयते, विळे, आदोळीची पाती घडवत आला, तो शिकवणारा असू शकतो हे ध्यानातच आले नाही.

याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. लहानपणी मी त्या भट्टीच्या दाराशी तासन् तास उभा राहत असे. एकदा भात्याची साखळी ओढायला मिळाली म्हणून आनंदाने घरी येऊन सांगितले, तर वडील म्हणाले, "तें आमचें काम न्हय." आवाजात राग नव्हता, पण शेवटचा शब्द होता. गोव्यात लोहारकाम म्हणजे चारींचे, आणि इतरांनी लांबून पाहायचे. सुगीला लोहाराच्या वाट्याचे भात त्याच्या घरी जायचे. चवथीआधी आदोळीला धार लावून यायची. खंडेनवमीला कोयता आणि आदोळी पाटावर मांडून आम्ही गंधफूल वाहायचो. हत्याराला नमस्कार व्हायचा, पण ते घडवणारा दारापलीकडेच राहायचा. हे आज लिहितानाही बरे वाटत नाही.

असो. आम्ही गेलो. मेस्त आता सत्तरीच्या घरात आहेत. दोन्ही मुलगे नोकरीला लागले, एक औद्योगिक वसाहतीत, दुसरा वास्कोला. भट्टी आठवड्यातून तीनच दिवस पेटते. भाच्याने संकोचत आपले तडकलेले पाते पुढे केले. मेस्तांनी ते उजेडात धरले, नखाने रेघ चाचपली आणि विचारले, "उदकांत बुडयलें? सगळें?" पोराने मान हलवली. मेस्त हसले. "उदक दिवप म्हळ्यार खेळ न्हय, बाब." मग त्याला समोरच्या ओंडक्यावर बसवून म्हणाले, "पयलीं पळय, मागीर हात लाय."

त्या दिवशी आम्ही दोघांनी पाहिले ते सांगतो.

भट्टीची खोली काळोखी. लहानपणी मला वाटायचे, गरिबीमुळे तिला खिडकी नसेल. मेस्तांनी सांगितले की उजेडात लोखंडाचा रंग कळत नाही, म्हणून काळोख मुद्दाम राखलेला असतो. तापलेल्या लोखंडाचा रंग हीच तिथली मोजपट्टी. गडद लाल झाले की ठोकणे थांबवायचे, कारण थंड होत आलेल्या लोखंडावर घाव घातला की आतून चीर पडते. नारिंगी झाले की घाव घालायचे. पांढरे पडून फुलबाज्या उडू लागल्या की समजायचे, पोलाद जळले, तेवढा तुकडा फेकून द्यायचा.

मग पाटा निवडणे. भाच्याने आणला होता तो मोठ्या टिपरचा, बोटभर जाडीचा. मेस्तांनी तो बाजूला ठेवला आणि लहान पिकअपचा पातळ पाटा काढला. शिकाऱ्याने जाड लोखंडाशी झुंजू नये, निम्मी ताकद पातळ करण्यातच जाते आणि शिकायचे राहून जाते. त्यांनी पाटा दोरीला टांगून हातोडीने हलकेच वाजवला. घंटेसारखा वाजला तर घ्यायचा, भद्द वाजला तर आत कुठेतरी चीर आहे. वर्षानुवर्षे खड्ड्यांतून धावलेल्या गाडीच्या पाट्यात अशा चिरा असतात, त्या डोळ्यांना दिसत नाहीत. पाटा तापवून त्यांनी राखेत पुरला, तो दुसऱ्या दिवशी मऊ होऊन निघाला.

धारेची बाजू ठोकून पातळ करताना एक गंमत होते. तिथले लोखंड पसरते, धार लांबते आणि सगळे पाते पाठीच्या बाजूला केळीसारखे वर वाकते. भाच्याने पहिल्या दोन्ही वेळा हे सरळ करण्यात घाम गाळला होता. मेस्तांनी काय करावे? ठोकायच्या आधीच पट्टी उलट्या बाजूला, धारेकडे, किंचित वाकवून घेतली. मग जसजसे ठोकत गेले तसतसे पाते आपोआप सरळ होत गेले! भाचा माझ्याकडे पाहतच राहिला.

आणि मग पाणी. पात्याची धार अजून काढलेली नव्हती, रुपयाच्या नाण्याहून थोडी पातळ एवढीच राखली होती. फार पातळ धार पाणी देताना तडकते किंवा वाकते. मेस्तांनी पाते लाल केले, पण सगळे बुडवले नाही. फक्त धारेची बाजू, दोन बोटे, पाण्यात धरली आणि हलवत राहिले. मग बाहेर काढून विटेच्या तुकड्याने झटकन घासली. घासलेल्या जागी लोखंड पांढरे चकचकीत झाले. पाठीत अजून धग होती, ती हळूहळू धारेकडे सरकू लागली. तिच्यासोबत रंग सरकू लागले. आधी वाळल्या गवताचा, मागून मधासारखा, त्यामागून जांभळा, शेवटी निळा. गवताचा रंग धारेला पोहोचला मात्र, मेस्तांनी सगळे पाते पाण्यात घातले. "सुरयेक इतलें पुरो. कोयत्याक आनीक फुडें वचूंक दिवप." कोयता नारळावर आपटायचा असतो, तो फार कडक राहिला तर धारेचा टवका उडतो. म्हणून त्याला जांभळ्या-निळ्यापर्यंत जाऊ द्यायचे.

मला हे सगळे जादूसारखे वाटत होते, पण भाच्याचे डोके वेगळीकडे चालले होते. बाहेर पडल्यावर तो म्हणाला, "मामा, हे पुस्तकातच आहे! पाते झटकन थंड केले की कडक होते पण काचेसारखे ठिसूळ राहते. मग दोनशे अंशांच्या आसपास पुन्हा तापवून थोडे नरम करायचे असते. मी ते दुसरे कामच केले नव्हते. मेस्तांनी दोन्ही कामे एकाच दमात केली, पाठीची धग वापरून." त्याने आणखी सांगितले की पोलाद ७७० अंशांच्या आसपास पोहोचले की चुंबकाला चिकटत नाही, त्याच्या थोडे वर गेले की पाणी द्यायची वेळ. मेस्तांकडे चुंबक नाही, तापमापकही नाही. पन्नास वर्षांचे डोळे आहेत.

पुढची सुरी भाच्याने आपल्या पद्धतीने केली, पण मेस्तांच्या भट्टीत. चुंबक लावून पाहिले. पाण्याऐवजी कोमट केलेले शेंगदाण्याचे तेल घेतले, कारण कमानीच्या पाट्याला पाणी फार जोरात थंड करते, तेल जरा सबुरीने. तेल लोखंडी डब्यात, झाकण हाताशी, शेजारी वाळूची बादली. तेल पेटलेच तर झाकण घालायचे, पाणी कधीच ओतायचे नाही. पाते बाहेर काढल्यावर मेस्तांनी त्यावर कानस फिरवली. ती काचेवरून घसरावी तशी घसरली, म्हणजे पाते कडक झाले. मग ते घरी आणून माझ्या बहिणीच्या ओव्हनमध्ये दोनशे अंशांवर दोन-दोन तास, दोनदा ठेवले. ज्या ओव्हनमध्ये बहीण केक भाजते त्यात पाते भाजताना पाहून मेस्तांना हसू आवरेना. पण तयार सुरी हातात घेऊन त्यांनी अंगठ्याने धार पाहिली, पाते किंचित वाकवून सोडले, आणि म्हणाले, "बरी जाल्या." त्यांच्या तोंडून एवढे म्हणजे प्रशस्तिपत्रकच!

शिकणे एकतर्फीही नव्हते. भाच्याने मेस्तांना डोळ्यांवर घालायचा चष्मा आणून दिला. आयुष्यभर ठिणग्या उघड्या डोळ्यांनी झेलल्या, उजव्या डोळ्यात एक कण अडकून दवाखान्यात जावे लागले होते, तरी कोणी हे सुचवले नव्हते. जस्ताचा मुलामा असलेले पाइप, साखळ्या भट्टीत घालू नका, त्याचा धूर विषारी असतो, हेही त्याने सांगितले. मेस्त म्हणाले, असा धूर घेऊन दोनदा ताप आला होता, कारण मात्र आज कळले. जुने ते सगळे सोने असे मी म्हणणार नाही. जुन्या हाताला नवी माहिती आणि नव्या माहितीला जुना हात, दोघांनाही एकमेकांची गरज आहे. आज मात्र त्यांचे विळ्या-भोपळ्याचे सख्य दिसते. शहरातला हौशी मुलगा लोहाराला अडाणी समजतो, आणि लोहाराला वाटते की हे चार दिवसांचे सोंग आहे.

आता माझे मत.

पहिली गोष्ट, शिकाऱ्याने खंजिराच्या मागे लागू नये. भाच्याला सुरुवातीला बारा इंची दुधारी पाते करायचे होते. कशाला, हे त्याला सांगता येईना. सोन्याची सुरी असली म्हणून कोणी ती उरात खुपसून घेत नाही, आणि लोखंडाचा खंजीर केला म्हणून तो कोणाच्या उपयोगाचा नाही. तो भिंतीवर टांगला जातो आणि त्याच्यातले दोष कायमचे झाकले जातात. उलट चार इंच पात्याची स्वयंपाकघरातली सुरी रोज परीक्षा देते. कांद्याला, दुधीला, सुंगटे सोलताना तिची धार किती टिकते, मूठ हातात घसरते का, पाण्यात ठेवली तर गंजते का, हे आई आठ दिवसांत सांगते, तेही न विचारता. आपल्याकडचा कायदाही हा भेद ओळखतो. शस्त्रांच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा वेगळा विचार होतो, आणि घरकामासाठी किंवा शेतीसाठी घडवलेली हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. कोयता आणि सुरी ही घरची मंडळी आहेत, तिथूनच सुरुवात करावी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. शिकायचेच असेल तर गावच्या भट्टीत जाऊन शिकावे, आणि त्याचे पैसे द्यावेत.

भाचा एकदा म्हणाला, सुऱ्या घडवाव्यात तर जपान्यांनीच. जपानी सुऱ्यांचा दर्जा मीही मानतो. पण त्याला दोन गोष्टी सांगितल्या. आल्बुकेर्कने १५१० साली गोवा घेतला आणि १५१३ च्या सुमारास राजा मानुएलला लिहिताना गोव्यातल्या बंदूक घडवणाऱ्या कारागिरांची तारीफ केली. युरोपातल्या नामांकित कारागिरांच्या तोडीचे काम हे लोक करतात, असा त्याचा अभिप्राय होता. पुढे १५४३ मध्ये पोर्तुगीजांसोबत ज्या बंदुका जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरल्या, त्यांची घडण गोव्याकडची होती असे काही अभ्यासक मानतात. आणि विसाव्या शतकात आपल्या डोंगरांतली खनिजमाती बार्जमधून मांडवी-जुवारीवाटे मुरगावला आणि तिथून जहाजाने जपानला गेली, पुढे चीनला. डिचोली, सत्तरी, सांगे येथून किती डोंगर उतरवले गेले ते आपण पाहिलेच आहे. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा माल वाहणारे टिपर रांगेने गंजत उभे राहिले. त्यांचे पाटे भंगारात निघाले आणि मेस्तांच्या भट्टीत आले. आमच्या घरातला सध्याचा कोयता अशाच एका टिपरच्या पाट्याचा आहे. एवढे लोखंड इथून गेले, पण त्यातून गावच्या लोहाराच्या ऐरणीवर काय आले? गाडीचा मोडका पाटा! मग सुरी घडवणे ही परक्यांची विद्या आहे असे आपल्या पोरांना वाटले तर दोष कोणाचा?

काही जण म्हणतील, लोहाराची मुलेच जे काम सोडून गेली ते तुमच्या भाच्याने हौस म्हणून केले, त्याचे एवढे काय कौतुक? प्रश्न रास्त आहे. मेस्तांच्या मुलांना मी मुळीच दोष देणार नाही. धूर, काजळी, कंबरदुखी आणि वर समाजाची ती दारापलीकडची वागणूक, यातून त्यांनी सुटका करून घेतली हे योग्यच झाले. बापाचा धंदा मुलाने पुढे चालवलाच पाहिजे असे ब्राह्मणाच्या किंवा भाटकाराच्या मुलाला कोणी सांगत नाही, मग लोहाराच्याच मुलाला का सांगावे? पण म्हणूनच ही विद्या जातीच्या दाराबाहेर आली पाहिजे. ज्याला शिकावेसे वाटते त्याने शिकावे, मग तो कोणाचाही असो. फक्त एक अट. फुकट नव्हे. आपण संगीताच्या गुरुजींना, शिकवणीच्या मास्तरांना शुल्क देतो आणि लोहाराला "जरा दाखव ना" म्हणून दोन तास उभे करतो. भाच्याने मेस्तांना दर दिवसाचे पैसे देऊ केले तेव्हा ते आधी घ्यायलाच तयार नव्हते. "शिकोवपाचे पयशे?" असे म्हणाले. त्यांच्या उभ्या आयुष्यात ज्ञानाची किंमत कोणी देऊ केली नव्हती, फक्त कोयत्याची दिली, तीही घासाघीस करून. आणि ती घासाघीस करणाऱ्यांत मीही होतो.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी 'पीएम विश्वकर्मा' योजना सुरू झाली. तिच्यातल्या १८ व्यवसायांत लोहार आहे. अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला पाचशे रुपये, पाच टक्के व्याजाने आधी एक लाखापर्यंत आणि पुढे दोन लाखांपर्यंत कर्ज. चांगलीच गोष्ट आहे. पण सत्तरीच्या कारागिराला नवा हातोडा मिळाला म्हणून त्याच्या समोरच्या ओंडक्यावर शिकणारे पोर येऊन बसत नाही. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, बेबिंकेला २०२३ मध्ये. आपण आनंद केला, करायलाच हवा. पण रेंदेराची काती, पाडेल्याचा कोयता, घरातली आदोळी ज्या हातांनी घडते त्या हातांची मोजदाद तरी आपण केली आहे का? मानांकन देऊन भट्टी पेटती राहत नाही. गिऱ्हाईक आले तर राहते, आणि शिकणारा आला तर मेस्तांच्या मागेही राहते.

म्हणून माझे म्हणणे अगदी साधे आहे. तुमच्या घरातल्या पोराला हे खूळ लागले असेल तर त्याला रागावू नका. आधी डोळ्यांना चष्मा आणि अंगात सुती कपडे घालायला सांगा. परसात त्याला खुशाल धडपडू द्या, एक-दोन पाती तडकू द्या. मग त्याचा हात धरून गावच्या भट्टीत न्या. पंधरा दिवस उशीर करू नका, जसा मी केला. भट्टी विझल्यावर हे सांगून उपयोग नाही. पात्याला पाणी किती द्यायचे हे चित्रफितीत कळते. केव्हा द्यायचे हे मात्र त्या काळोख्या खोलीत, तो रंग सरकताना पाहत, शेजारी जाणता माणूस उभा असतानाच कळते.

भाच्याच्या सुरीला मेस्तांनी फणसाच्या लाकडाची मूठ बसवली, पितळेची शेंबी लावली. दिसायला ती पहिल्या सळीच्या सुरीपुढे काहीच नाही. पाठ जराशी वाकडी, बाजूला हातोड्याचे वण. आईने ती आता आदोळीशेजारी ठेवली आहे. मागच्या आठवड्यात बहिणीने चकचकीत स्टीलची नवी सुरी आणून दिली तर आई म्हणाली, "ती पाहुण्यांसाठी ठेव."

भाचा दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा येतो आहे. या वेळी त्याला कोयता घडवायचा आहे. मेस्तांना विचारले तर म्हणाले, "येवं दी. पूण सकाळीं सात वरांचेर. आनी चश्मो हाड म्हण."